शिंपल्यांची खिडकी

आमच्या ऑफिसच्या इमारतीला चारी बाजूंनी काच आहे. म्हणजे खिडक्यांना काच आहे असं नव्हे, इमारतच काचेची आहे. रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्वेकडच्या रांगेतलं कोणीतरी उठतं, "यार, स्क्रीनच दिसत नाहीये" म्हणतं आणि ब्लाइंड्स खाली ओढतं. मग बाहेर लख्ख ऊन असताना आम्ही साठ-सत्तर माणसं दिवसभर दिवे लावून कोड लिहीत बसतो. संध्याकाळी कोणी ब्लाइंड्स वर करत नाही, कारण तोवर पश्चिमेकडच्या रांगेने आपले खाली ओढलेले असतात.

हे बघितलं की मला मावशीच्या घराची आठवण येते आणि थोडी लाजही वाटते. का, ते सांगतोच. पण आधी थोडा इतिहास. शनिवार आहे, चहाचा दुसरा कप हातात आहे, आणि या पानावर येणाऱ्यांना माझी ही सवय माहीत आहे :-)

माझी मावशी मडगावजवळच्या एका गावात दिलेली. घर जुनं, काकांच्या आजोबांच्या वेळचं. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे जायचो तेव्हा मला त्या घरातल्या दोनच गोष्टींचं अप्रूप होतं: मागच्या दारचा फणस आणि पश्चिमेच्या खोलीतल्या खिडक्या. त्या खिडक्यांना काच नव्हती. लाकडी झडपांमध्ये बारीक पट्ट्या, पट्ट्यांना खाचा, आणि खाचांत सरकवलेले चपटे, दुधी, चौकोनी तुकडे. एकेक तुकडा काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. बाहेरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. पण दुपारी चारचं रणरणतं ऊन त्या झडपांवर पडलं की सगळी खोली आतून उजळल्यासारखी व्हायची. जमिनीवर उन्हाचा पट्टा नाही, कोपऱ्यात अंधार नाही. मावशी तिथे शिवणाचं मशीन घेऊन बसायची. दिवा न लावता सुईत दोरा ओवायची.

ते तुकडे शिंपल्याचे होते, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं प्लास्टिक असेल.

या शिंपल्याचं शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. आपण कोकणात जी कालवं खातो त्यांचा हा लांबचा नातेवाईक. खाडीच्या तोंडाशी, जिथे गाळ असतो आणि पाणी फार खवळत नाही, तिथे हा प्राणी चिखलावर आडवा पडून राहतो. दोन्ही शिंपा जवळजवळ सपाट, ताटलीसारख्या गोल, आणि इतक्या पातळ की मोठ्या झालेल्या शिंपीमागेही बोट धरलं तर त्याची सावली दिसते. गोव्यात झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत हे शिंपले आहेत. कच्छच्या आखातात आहेत, आंध्रात काकीनाड्याला आहेत. तिकडे त्यांचा उपयोग बारीक मोत्यांसाठी आणि चुन्यासाठी झाला. फिलिपिन्समध्ये त्यांना कापिझ म्हणतात, आणि मनिलाच्या जुन्या घरांत भिंतभर सरकत्या खिडक्याच त्यांच्या असायच्या. एक शिंपला, पण कुणी त्याचा चुना केला आणि कुणी खिडकी.

गोव्यातल्या या खिडक्यांचा जुना आणि चांगला उल्लेख एका फ्रेंच माणसाने करून ठेवलाय. फ्रान्स्वा पिरार. याचं जहाज १६०२ मध्ये मालदीवजवळ फुटलं, तिथे हा काही वर्षं अडकला, आणि हिंडत-फिरत, कैद सोसत १६०८ मध्ये गोव्याला पोचला. १६१० पर्यंत तिथे होता. आधी इस्पितळात पडून होता, त्यामुळे आजूबाजूला नीट बघायला वेळ भरपूर. तो सांगतो की इथे घरांना काच नाही. काचेऐवजी पातळ, गुळगुळीत शिंपले लाकडी चौकटीत बसवतात, आणि त्यातून कागदातून किंवा शिंगाच्या कंदिलातून येतो तसा उजेड येतो, काचेइतकं आरपार दिसत नाही. युरोपातून आलेल्या माणसाला हे काचेपेक्षा कमी प्रतीचं वाटणं साहजिक होतं. कंदिलाची उपमा मात्र त्याने अगदी नेमकी दिलीय.

ही सोय फक्त गोव्यात नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात आपल्याकडे आला होता. (हाच फ्रायर १६७५ मध्ये मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला जाऊन आला होता. शिवकाळाबद्दल वाचणाऱ्यांना त्याचं नाव ओळखीचं असेल.) सुरतेच्या घरांबद्दल तो लिहितो की काच इथे महाग आणि मिळायला कठीण, मिळालीच तर व्हेनिसची, कॉन्स्टँटिनोपलमार्गे आलेली. म्हणून बहुतेकांच्या खिडक्यांना लाकडी जाळ्या, नाहीतर अभ्रक, नाहीतर शिंपले. आणि त्यातही शिंपलेच जास्त.

म्हणजे फ्रायरच्या हिशेबात शिंपला हा नाइलाज. काच परवडत नाही म्हणून शिंपला. आपणही इतिहास असाच वाचतो: आधीचं ते कच्चं, नंतरचं ते पक्कं. व्हर्जन १.०, व्हर्जन २.०. मीही असंच समजत होतो.

मग कधीतरी जॉन हेन्री ग्रोझ वाचनात आला. हा १७५० मध्ये मुंबईत आला, १७५७ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. मुंबईतल्या इंग्रजांच्या घरांबद्दल तो सांगतो की खिडक्यांना चौकोनी कापलेले पारदर्शक शिंपले आहेत. त्यांचा गुण असा की उजेड पुरेसा येतो, उन्हाचा भडका बाहेर राहतो, शिवाय दिसायलाही ते थंडगार वाटतात. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. हा माणूस तक्रार करत नाहीये, कौतुक करतोय. शिंपल्याची खिडकी काय काम करते हे त्याला बरोबर कळलं होतं: तिने बाहेरचं दृश्य दाखवायचं नाहीच, तिने ऊन घेऊन उजेड द्यायचा.

आजच्या भाषेत याला डिफ्यूजर म्हणतात.

हे काम किती मोठं आहे ते आकड्यांत बघा. भर दुपारचं थेट ऊन म्हणजे सुमारे १ लाख लक्स. टेबलावर बसून लिहा-वाचायला लागतात ३०० ते ५०० लक्स. साधी काच या १ लाखातलं बहुतेक ऊन आत आणते आणि जमिनीवर चार फुटांच्या एका चौकोनात ओतते. बाकी खोली त्या मानाने अंधारी. डोळा त्या चौकोनाशी जुळवून घेतो, आणि कोपऱ्यातलं पुस्तक वाचता येत नाही. म्हणून पडदा ओढायचा. पडदा ओढला की अंधार. अंधार झाला की दिवा. (आमचं ऑफिस!) डिफ्यूजर काय करतो, तर तेच ऊन सगळ्या दिशांना वाटून टाकतो. प्रकाश फारसा गिळत नाही, फक्त त्याची एकच एक दिशा मोडतो.

यासाठी माणसाने काय काय वापरलंय बघा. रोमन लोकांनी स्पेनमधल्या सेगोब्रिगाच्या आसपासच्या खाणींतून जिप्समचे स्फटिक काढले, त्यांचे पातळ पापुद्रे सोलून खिडक्यांना लावले; प्लिनीने त्यांचं वर्णन केलंय. कुठे अलाबास्टर, कुठे जनावराचं शिंग, कुठे तेल लावलेला कागद. जपानी घरांतला शोजी तर अजून आहे. या प्रत्येकावर एकेक शनिवार घालवता येईल, पण आज नको.

शिंपल्याकडे परत येतो, कारण खरी गंमत त्याच्या आत आहे. पुष्कळ ठिकाणी, दुकानांतसुद्धा, याला मदर ऑफ पर्ल म्हणतात. ते बरोबर नाही. मोत्याच्या शिंपल्याचा चकचकीत थर अरागोनाइटचा असतो. हा शिंपला कॅल्साइटचा. कॅल्शियम कार्बोनेट दोन्हीकडे, पण रचना वेगळी. वजनाने सुमारे ९९ टक्के कॅल्साइट, उरलेला एखादा टक्का प्राण्याने मध्ये घातलेला सेंद्रिय चिकटा. म्हणजे जवळपास खडूच. पण खडूतून काही दिसतं का? आणि या शिंपल्यातून मात्र दृश्य प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग पलीकडे जातो.

खडू पांढरा आणि अपारदर्शक का, तर त्यात कण आणि हवा यांची खिचडी असते. प्रत्येक कणाच्या कडेवर प्रकाश वळतो, परततो, भरकटतो. साखरेचा मोठा खडा पारदर्शक पण पिठीसाखर पांढरी, ते याचमुळे. शिंपल्यात हवेला जागाच नाही. अतिशय पातळ, लांबट कॅल्साइटच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, मधला चिकटा नावापुरता. त्यामुळे प्रकाश परत फिरत नाही, पुढेच जातो. पण कॅल्साइटची आणखी एक खोड आहे: प्रकाश कुठल्या रोखाने कंप पावतोय त्याप्रमाणे त्याचा अपवर्तनांक बदलतो, १.४९ पासून १.६६ पर्यंत. थरांचे रोख थोडे-थोडे वेगळे, त्यामुळे प्रत्येक हद्दीवर किरण किंचित वळतो. असे शेकडो थर पार करून बाहेर पडेपर्यंत तो कुठून आला होता हे सांगता येत नाही. उजेड शिल्लक, चित्र गायब.

आणि हे सगळं अंगात आहे, कातडीवर नाही. हा फरक मला फार आवडतो. आपल्या बाथरूमच्या खिडकीला जी घासलेली काच असते (शहरातल्या फ्लॅटमध्ये डिफ्यूजरला तेवढीच एक जागा उरलीय), तिच्यावर ओलं बोट फिरवून बघा. तेवढ्यापुरती ती पारदर्शक होते. कारण तिचा खडबडीतपणा फक्त पृष्ठभागावर असतो आणि पाणी ते खड्डे भरून टाकतं. शिंपल्याचं तसं नाही. गोव्याच्या पावसात चार महिने भिजला तरी तो दुधी तो दुधीच.

तो सहजी फुटतही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘नेचर मटेरियल्स’मध्ये या शिंपल्यावर एक निबंध छापला. त्यांना तो पारदर्शक चिलखताचा नमुना म्हणून हवा होता. टोकदार वस्तूने दाबलं तर साधा कॅल्साइट लांबवर तडकतो. शिंपल्यात मात्र स्फटिकांची मांडणी नॅनो पातळीवर उलटते-पालटते आणि इजा तेवढ्याच जागी अडकून राहते. हे वाचताना मला काकांचा आवाज आठवला. क्रिकेट खेळताना आम्ही चेंडू खिडकीवर मारला होता तेव्हा ते म्हणाले होते, "एक तुकडा गेला, झडप शाबूत आहे. मेस्ताला बोलवू." (तिकडे सुताराला मेस्त म्हणतात.) तुकडा सरकवून काढला, नवा सरकवला, पाच मिनिटांचं काम. ज्याला आपण मॉड्युलर म्हणतो ते हेच ना?

मग हे सगळं गेलं कसं? एका वाक्यात सांगायचं तर काच स्वस्त झाली. इंग्लंडमध्ये काचेवरचा अबकारी कर १८४५ मध्ये उठला, खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये. त्याच १८५१ साली लंडनला क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, सुमारे ३ लाख तावदानांचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईला येणारा माल आणखी जवळ आला. पुढे १९५९ मध्ये पिल्किंग्टनने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती सपाट करायची पद्धत जाहीर केली, आणि आज आपण जी काच बघतो ती बहुतेक तशीच बनते. पण नुसत्या किमतीने हे होत नाही. काच लावली की माणूस पुढारलेला दिसतो. बाहेरचं दिसतं हा भाग आहेच, पण आपल्या घराला काच आहे हे बाहेरच्यांना दिसतं, हेही आहेच.

आता माझ्या लाजेची गोष्ट.

२००६ साली मी पहिल्यांदा ऑनसाइट जाऊन आलो. खिशात पैसे, डोक्यात हवा. काका जाऊन वर्ष झालं होतं, मावशी एकटी. मी म्हटलं, तुझी खोली नीट करून देतो. पश्चिमेच्या चारही खिडक्यांच्या झडपा काढल्या आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या, स्वच्छ काचेच्या खिडक्या बसवल्या. मावशी म्हणाली, "कित्याक रे? चांगल्या आहेत की." मी म्हटलं, "अगं, किती अंधार वाटतो. बाहेरचं काही दिसत नाही. वाळवी लागेल." तिने वाद घातला नाही. भाचा एवढ्या लांबून येऊन, स्वतःचे पैसे घालून करतोय, तर करू दे. पहिल्या दिवशी मी तिथे उभं राहून समोरच्या माडांकडे बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या मे महिन्यात गेलो तर खिडक्यांना जाड हिरवे पडदे होते आणि वर ट्यूबलाइट. शिवणाचं मशीन मागच्या पडवीत गेलं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "तिथे वारा असतो रे." विषय संपला. त्याच्या पुढच्या वर्षी मी तिला एसी घेऊन दिला. एकदा चुकीचं डिझाइन केलं की त्यावर पॅचवर पॅच कसे चढवायचे हे आमच्या धंद्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

हे मला खरं कळलं ते २०२३ मध्ये. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला आपण ‘डोळ्यावर सारा आला’ म्हणतो, पण प्रकार तोच: डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं गोळा होतात आणि आलेला प्रकाश विखुरतात. भिंगाचाच डिफ्यूजर होतो, तोही नको त्या जागी. खिडकीतून थेट ऊन आलं की तिच्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं व्हायचं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण त्याआधीचे कितीतरी महिने ती त्या खोलीत गेलीच नव्हती. पडवीत बसून असायची. आणि तिने मला एकदाही सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास माझा एक जुना मॉनिटर बंद पडला होता, तो मी उघडून बसलो. एलसीडी पॅनेलच्या मागे प्लास्टिकचे दोन-तीन पातळ दुधी ताव निघतात. कडेला एलईडींची एक ओळ असते, पातळ जाड पट्टीतून तो प्रकाश मागे पसरतो आणि हे ताव तो सारखा करतात; ते नसतील तर पडद्यावर नुसते ठिपके दिसतील. मी एक ताव उचलून खिडकीशी धरला. उजेड आला, समोरची बिल्डिंग नाहीशी झाली. च्यायला! वीस वर्षं रोज आठ-दहा तास मी मावशीच्या खिडकीसमोरच बसत होतो की.

दिवाळीत गेलो तेव्हा माळ्यावर चढलो. आठ झडपा गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. मावशीने टाकल्या नव्हत्या. तिघींचं लाकूड वाळवीने खाल्लं होतं (वाळवी लागेल म्हणून मीच काढल्या होत्या त्या), एक वाकली होती, चार धड होत्या. शिंपले मात्र जवळजवळ सगळे जसेच्या तसे. धूळ पुसली की झालं.

मेस्त शोधायला दोन दिवस गेले. काकांच्या वेळचा कधीच वारला होता; त्याचा मुलगा फर्निचरचं दुकान चालवतो आणि प्लायवुडशिवाय कशाला हात लावत नाही. शेवटी एक म्हातारा गृहस्थ मिळाला. त्याने झडप उलटीसुलटी करून बघितली, नखाने टकटक केली आणि म्हणाला की शिंपला नवीन मिळणार नाही, पाडलेल्या घरातला मिळाला तरच. ते खरंच आहे. २००१ पासून हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. चिखलीच्या खाडीत तो ओरबाडला जाऊ नये म्हणून तिथल्या गावकऱ्यांनीही आवाज उठवलाय, आणि माझी सहानुभूती पूर्ण त्यांच्या बाजूला आहे. जिवंत खाडी रिकामी करून माझी चूक दुरुस्त करायची, हे काही बरोबर नाही. मोडक्या झडपांतले शिंपले चांगल्यांत घालायचे ठरलं. हिशेब केला तर दोन खिडक्या पूर्ण होत होत्या, वर काही तुकडे जपून ठेवायला उरत होते.

२०२४ च्या मे महिन्यात त्या बसल्या. म्हाताऱ्याने बिजागऱ्या नव्या घातल्या, लाकडाला तेल दिलं. दुपारी चार वाजता मी मुद्दाम मशीन उचलून खोलीत आणून ठेवलं. मावशी बसली, चष्मा लावला, सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात नाही, तिसऱ्या वेळी.

मी म्हटलं, उरलेल्या दोन खिडक्यांनाही काहीतरी करू. दुधी फिल्म मिळते, चिकटवून टाकू. तर म्हणाली, "ती फाटकाकडची तशीच राहू दे रे. कोण येतंय ते दिसतं मला तिथून."